थंडीत पहाटे बार का उडत नाही? स्वस्तातल्या बारा बोअर बंदुकीचं नेहमीचं दुखणं

घोडा पडतो, टक् असा कोरडा आवाज येतो आणि बार उडत नाही. समोर वायंगणी भातात रानडुकरं घुसलेली असतात, हातात विजेरी असते, आणि ज्या आवाजासाठी आपण अंथरुणातून उठून आलो तो आवाजच होत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या आमच्याकडच्या बहुतेकांना हा अनुभव आहे. त्यावर सगळे एकच निष्कर्ष काढतात: स्वस्तातली बंदूक, ती अशीच वागणार. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. आता म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते सविस्तर लिहितो आहे, कारण दर थंडीत आणि दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मला हेच विचारायला येतं.

माझी बंदूक एकनळी आहे. बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक), घोडा बाहेर, देशी बनावट, दुकानात होत्या त्यातली सर्वांत कमी किमतीची. कारखान्याचं नाव लिहीत नाही. शेती कुडाळच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याकडे. भात, काजू, थोडी सुपारी. बंदुकीचं काम जनावरं हुसकावण्याचं, शिकारीचं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे, हे ज्यांना अजून ठाऊक नसेल त्यांनी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आधी समजून घ्यावं.

बार उडाला नाही तर त्या क्षणी काय करायचं, हे सगळ्यात आधी. आमच्याकडे माणसं लगेच बंदूक मोडून, म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवून, आत बघतात. हे अतिशय धोक्याचं आहे. काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर घाव बसलेला असतो आणि कधीकधी दारू उशिरा पेटते. क्षणभराने, काही सेकंदांनीसुद्धा. त्या वेळी बंदूक मोडलेली असेल तर काडतूस तुमच्या तोंडासमोर फुटतं. नळी जिथे माणूस, घर, गोठा, वाट काही नाही अशा बाजूला धरून ठेवा आणि मनात सावकाश साठ आकडे मोजा. मगच मोडा, तेसुद्धा चेहरा बाजूला ठेवून. पुन्हा घोडा चढवून तेच काडतूस उडवायचा मोह होतो. मी तो सोडला आहे, कारण दुसऱ्या घावाने उडालं तर पहिल्यांदा का उडालं नाही ते कधीच कळत नाही.

याहून वाईट दुसरा प्रकार. बार उडतो पण आवाज फुसका येतो, खांद्याला धक्का जाणवत नाही. अशा वेळी दुसरं काडतूस भरायचं नाही, म्हणजे नाहीच. दमट दारूत जोर नसला की छर्ऱ्यांमागचा बुच नळीतच अडकून राहतो. त्याच्यामागून पूर्ण जोराचा बार आला की नळी फाटते, आणि आपला डावा हात बरोबर तिथेच असतो. बंदूक मोडून, रिकामी करून, नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं. हीच सवय बंदूक कोपऱ्यातून उचलतानाही हवी. आमच्या घराच्या पडवीत कुंभारीण माशी कुठल्याही भोकात चिखलाचं घर बांधते. एकदा आठ दिवस उभ्या ठेवलेल्या नळीच्या तोंडात तिने अर्धं बोट मातीचा बुच घातला होता. मी नेहमीप्रमाणे बघितलं म्हणून दिसला.

आता निदान. बार न उडालेल्या काडतुसाचं बूड बघा. पितळी बुडाच्या मधोमध टोपी असते, तिच्यावर घोड्याने पुढे ढकललेल्या पिनेचा खळगा पडलेला असतो. शेजारी नीट उडालेलं एक रिकामं काडतूस ठेवा आणि उजेडात दोन्ही खळगे ताडून बघा. दोन्ही सारखे खोल आणि मधोमध असतील तर बंदुकीने आपलं काम केलं आहे, दोष काडतुसात आहे. न उडालेल्याचा खळगा उथळ असेल तर घाव कमी बसला: कमान (स्प्रिंग) सैल झाली, पिनेचं टोक झिजलं, किंवा पिनेच्या भोकात काहीतरी अडतं आहे. खळगा एका बाजूला सरकलेला असेल तर नळी आणि मागचा भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात आणि कारागिराकडची अर्धी फेरी वाचते. मला हे एका जुन्या कारागिराने दाखवलं. तोवर मी दर वेळी काडतूस बदलून बघायचो आणि बंदुकीला शिव्या द्यायचो.

माझ्या बंदुकीचं दुखणं विचित्र होतं. पौष-माघात पहाटे ती दगा द्यायची. तीच बंदूक, त्याच पेटीतली काडतुसं, दुपारी काजूच्या बागेत वानर हुसकावताना एकदाही चुकायची नाही. मे महिन्यात तर कधीच नाही. मी आधी दवाला दोष दिला. मग काडतुसं गोधडीत गुंडाळून उबेत ठेवली, तरी तेच. न उडालेल्या काडतुसांचे खळगे बघायला शिकलो तेव्हा दिसलं की ते सगळे उथळ आहेत. म्हणजे काडतूस नव्हे, घाव. पण कमान सैल असेल तर दुपारीही सैलच असायला हवी होती.

कारागिराने पिनेचं भोक काडीने कोरून काडी नाकाला लावली आणि विचारलं, "तेल खयचा घालतंस?"

"खोबरेल."

पुढे त्याला काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडे दाराच्या बिजागरीपासून कोयत्यापर्यंत सगळ्याला खोबरेलच लावतात, घरचंच असतं म्हणून. खोबरेल सुमारे चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. थंडीच्या पहाटे बाटलीत ते पांढरं दगडासारखं होतं आणि आंघोळीआधी आपण बाटली गरम पाण्यात ठेवतो, हे लहानपणापासून बघत आलो. पिनेच्या भोकात, कमानीच्या वेटोळ्यात, घोड्याच्या खिळीभोवती तेच तेल तसंच थिजत होतं, हे मात्र मनात आलं नाही. पायथ्याच्या गावात त्या दिवसांत पहाटे पारा विशीच्या खाली असतो. घोडा पडायचा, पण पिन मेणातून ढकलल्यासारखी पुढे जायची. सूर्य वर आला की तेल पातळ, बंदूक धड. शिवाय जुनं खोबरेल खवट होऊन चिकट होतं, त्यात धूळ आणि दारूची काजळी बसते, त्यामुळे वर्षागणिक दुखणं वाढत गेलं. मी ते बंदुकीचं म्हातारपण समजत होतो.

उपाय साधा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून नळी वेगळी केली. जुनं तेल टर्पेंटाइनने पुसून काढलं, दस्त्याच्या लाकडाला ते लागू दिलं नाही. पिनेच्या भोकात पातळ ब्रशने तीन-चार वेळा टर्पेंटाइन फिरवलं, बाहेर आलं ते चहाच्या गाळासारखं होतं. पूर्ण सुकू दिलं. मग शिलाईमशीनचं पातळ तेल, तेही एकेक थेंब, आणि वरचं फडक्याने पुसून टाकलं. पिनेला तेल जितकं कमी तितकं चांगलं. त्यानंतर पहाटेचा बार चुकलेला नाही. एक पैशाचा सुटा भाग बदलला नाही.

खोबरेल लावणारे आणखी किती असतील, म्हणून मी ओळखीच्यांना विचारत गेलो. आमच्या वाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत परवान्याच्या सात बंदुका आहेत, त्यातल्या चार खोबरेलावर होत्या. एकजण गाडीचं ग्रीस भरत होता. तेही थंडीत तसंच वागतं.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं, तिथे खळगा खोल असतो आणि तरी बार उडत नाही. आमच्या तात्यांनी हे कोडं माझ्याआधी सोडवलं होतं. त्यांची काडतुसं तांदळाच्या डब्यात असत. तांदूळ ओल शोषतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मार्च-एप्रिलमध्ये ते चालून जातं. पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवेतच पाणी असतं, मिठाची बरणी ओघळते, पापड वाकतात, आणि डब्यातला तांदूळ स्वतःच दमट झालेला असतो. तो काडतुसाची ओल कशी शोषणार? तात्यांनी एका श्रावणात सलग तीन काडतुसं वाया घालवली आणि मला म्हणाले, "बंदुकीचो दोष नाय तो, काडतुसां दमट झाली."

जुन्या कागदी काडतुसांचे तर फारच हाल होतात. कागदाचं आवरण फुगतं आणि काडतूस नळीत शिरतच नाही. ते दाबून बसवू नये, आणि कानशीने घासून बारीक करायचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो तर मुळीच करू नये. प्लास्टिकच्या आवरणाची काडतुसं पुष्कळ बरी, पण तीही टोपीच्या कडेने आणि वरच्या घडीतून दमट होतात. पितळी बुडावर हिरवट डाग दिसला की ते काडतूस मी बाजूला काढतो. चुलीवरच्या माळ्यावर किंवा उन्हात पत्र्यावर काडतुसं वाळवणारी माणसं आहेत. कृपा करून हे करू नका. एकदा दमट झालेलं काडतूस वाळवून भरवशाचं होत नाही, आणि चुलीजवळ काय होऊ शकतं ते सांगायला नको.

मी काय करतो: घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळं सिलिका जेल ओल शोषलं की गुलाबी होतं, म्हणजे नुसतं बघून कळतं. गुलाबी झालं की जुन्या पत्र्यावर मंद आचेवर पुन्हा निळं करून घेतो. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरायचं नाही, त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्टचा क्षार असतो. डब्यावर खरेदीचा महिना लिहितो आणि जुनं आधी वापरतो. पावसात रात्री शेतात जाताना दोनच काडतुसं खिशात, तीही प्लास्टिकच्या पिशवीत. परत आल्यावर ती मूळ डब्यात टाकत नाही, वेगळी ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच आधी नेतो. डबा कुलपात, बंदुकीपासून वेगळा. घरात मुलं आहेत.

वेंगुर्ल्याच्या मामेभावाची गोष्ट आणखी निराळी. त्याची माडाची बाग समुद्राला लागून आहे. त्याची बंदूक दुनळी, माझ्यापेक्षा बरीच महाग, तरी दर पावसाळ्यानंतर तिच्या नळीवर तांबूस थर असायचा. कारण त्याची गवसणी. आतून मऊ अस्तराची, बाहेरून रेक्झिनची, दिसायला सुरेख. खाऱ्या हवेतली ओल त्या अस्तरात मुरते आणि बंदूक चार महिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखी राहते. गवसणी फक्त नेण्या-आणण्यासाठी. घरी बंदूक कपाटात उघडी, नळी खाली करून ठेवली तर तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. खाऱ्या वाऱ्यात नेऊन आणली की आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, कारण नुसतं तेल लावलं तर मीठ तेलाखाली तसंच राहून धातू खातं. मग कोरडं करायचं, मग तेलाचा हात. आपल्या तळहाताचा घामही खाराच असतो, म्हणून हाताळून झाल्यावर शेवटी एकदा पुसायचं.

गंजाची दुसरी मोठी वेळ म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की बहुतेकदा बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि परत मिळेपर्यंत आपला हात तिला लागत नाही. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी आतून पुसून तेलाचा हात जरा जास्त द्या, नळी-घोड्याचे फोटो काढून ठेवा आणि पावतीवर क्रमांक नीट वाचून घ्या. परत आल्यावर पहिला बार उडवण्याआधी नळीतलं ते जास्तीचं तेल कोरडं पुसून काढायला विसरू नका.

मग स्वस्त बंदुकीत दोष नसतोच का? असतो. किंमत कमी करताना कारखानदार कुठे हात आखडता घेतो ते आता माझ्या लक्षात आलं आहे. नळीची तर विक्रीआधी जास्त दाबाचा बार उडवून परीक्षा होते आणि तसा ठसा तिच्यावर मारतात. त्यामुळे तिथे काटकसर करता येत नाही. ती होते पिनेच्या पोलादात, कमानीत आणि आतल्या घासकामात. पिन मऊ असली की तिचं गोल टोक चपटं होत जातं आणि खळगा रुंद पण उथळ पडायला लागतो. भिंगातून बघितलं तर स्पष्ट दिसतं. रिकामी बंदूक उगाच टकटक वाजवायची सवय असेल तर हे लवकर होतं. डमी काडतूस घालून वाजवली तर पिनेला आधार मिळतो.

काडतूस ठेवायची जागा आतून खरबरीत राहिलेली असली की उडालेलं काडतूस चिकटतं, आणि बाहेर ओढणारा पत्रा कडेवरून घसरतो. माझ्या चुलतभावाच्या बंदुकीला नवीन असल्यापासून हे होतं. कारागिराने आतून पॉलिश करून दिल्यावर थांबलं. अडकलेलं रिकामं काडतूस पुढून गज घालून हलकेच ढकलता येतं. पण ते न उडालेलं असेल तर गज अजिबात घालायचा नाही.

तिसरा दोष बंदुकीचा कमी आणि आपला जास्त. बंदूक एका हाताने झटका देऊन फटकन बंद करायची ऐट. स्वस्त बंदुकीतली बिजागरीची खीळ त्याने झिजते, नळी मागच्या भागापासून केसभर दूर राहायला लागते, काडतूस मागे-पुढे हलतं आणि घाव कमी बसतो. बंद करून हलवल्यावर खुळखुळ जाणवली किंवा सांध्यातून उजेड दिसला, तर ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. दोन्ही हातांनी, सावकाश बंद करा.

काडतूस घेताना लांबीही बघा. वाडवडिलांच्या पुष्कळ बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहेत, आणि आज दुकानात ७० मिलिमीटरचं सहज मिळतं. ते आत बसतं, म्हणून चालतं असं वाटतं. पण ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते. आखूड जागेत त्याचं तोंड पुरतं उघडत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाखाली सपाट भागावर आकडा कोरलेला असतो, तो वाचा. आणि वीस बोअरचं काडतूस घरात असेल तर ते बारा बोअरच्या खिशात कधीही जाऊ देऊ नका. ते नळीत पुढे घसरून अडकतं, बंदूक रिकामी वाटते, वरून दुसरं भरलं जातं आणि नळी फुटते. वीस बोअरचं आवरण पिवळं ठेवायची पद्धत याच कारणाने पडली.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुका आमच्याकडे अजून आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. त्यांचं दुखणं म्हणजे केप (ठिणगी पाडणारी सुटी टोपी) उडते, बार उडत नाही. बहुतेक वेळा केप बसते त्या बोंडाचं भोक काजळीने बुजलेलं असतं. काळ्या दारूची राख हवेतली ओल खेचते आणि एका रात्रीत गंज चढवते, त्यामुळे वापरलेल्या दिवशीच, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचं. भरलेली बंदूक 'उद्या लागेल' म्हणून तशीच टांगून ठेवायची नाही. दारू दमट होते हे एक, आणि ती भरलेली आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत नसतं हे त्याहून मोठं.

पुसणं, तेल देणं, काडतुसं नीट ठेवणं एवढं आपलं काम. पिन, कमान, खीळ, पत्रा याला हात लागायचा तो परवानाधारक कारागिराचाच. गावातला लोहार किंवा वेल्डर कितीही हुशार असला तरी नाही: शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच. स्वतः जायला जमत नसेल आणि मुलाच्या हाती पाठवणार असाल, तर कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी नेण्याची सोय आहे. ते पत्र आणि परवाना दोन्ही त्याच्याजवळ द्या.

न उडालेली काडतुसं फोडून बघू नका, पुरू नका, विहिरीत टाकू नका. वेगळ्या डब्यात खूण करून ठेवा आणि जिथून घेतली त्या दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारून त्यांच्या स्वाधीन करा. पण त्याआधी मोबाइलने त्यांच्या टोपीचा जवळून फोटो घ्या, शेजारी नीट उडालेलं काडतूस ठेवून. पहाटेचं आहे की दुपारचं, पावसातलं की थंडीतलं, कुठलं तेल वापरता, हेही त्याखाली लिहून ठेवा. कारागिराकडे गेलात की बंदूक बाहेर काढण्याआधी तो फोटो दाखवा.